चौदाव्या वर्षीचा ‘नवा पेले’
शनिवारी सकाळी मुलांना सॉकरला सोडणाऱ्या इथल्या मराठी आई-बाबांनी फ्रेडी अडूची गोष्ट जरूर आठवावी. घानात जन्मलेला, आमच्या मेरीलँडमध्ये वाढलेला हा मुलगा २००४ मध्ये अवघ्या चौदाव्या वर्षी डीसी युनायटेडकडून मैदानात उतरला. लगेच ‘नवा पेले’ म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, जाहिराती आल्या. २००७ मध्ये बेनफिकाने नेलं. पण तिथे जम बसेना. मग या क्लबातून त्या क्लबात. अमेरिकेसाठी सामने मिळाले फक्त १७. पायात जादू होती हो! पण अंग भरायच्या आधीच त्याला बाजारात उभं केलं. कोवळी कैरी अढीत घातली, तर ती पिकत नाही, सुरकुतते. आपल्या लेकरांना निदान चुकायला तरी वेळ देऊया.