उघडं कुलूप



परवा आमच्या चौथीच्या वर्गात एक खेळ झाला. शेवटच्या बाकावरच्या मुलीने एक गुप्त शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी हातोहात माझ्यापर्यंत यायची. ती माझ्या हातात पडायच्या आत सगळा वर्ग तो शब्द कुजबुजत होता! "वाचू नका" असं मी बजावलं होतं हो, पण ऐकतंय कोण?

हा खेळ मला सुचला तो 'स्टोरेज स्विच'मुळे. मोठ्या इस्पितळात किंवा बँकेत सगळी माहिती एका कॉम्प्युटरमध्ये मावत नाही. ती ठेवायला डिस्कनी भरलेली वेगळी कपाटं असतात. कॉम्प्युटर आणि कपाटं यांच्या मध्ये बसतो हा स्विच. कोणत्या कॉम्प्युटरला कोणतं कपाट दिसावं, हे तिथे ठरवून देता येतं. त्याला 'झोनिंग' म्हणतात. एक्स-रेच्या कॉम्प्युटरला पगाराचं कपाट दिसतच नाही!

पण हे नियम स्विचला सांगायचे कोणी? त्याची देखभाल करणाऱ्या माणसाने. तो बहुधा दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या गावातही बसलेला असतो. त्याच्यासाठी स्विचला व्यवस्थापनाचं एक वेगळं दार असतं. त्या दारातून भलताच कोणी शिरला आणि त्याने झोन पुसले, तर? कपाटं जागच्या जागी, माहितीही शाबूत, पण डॉक्टरांच्या पडद्यावर रुग्णाचा कागद काही येणार नाही.

पूर्वी या दाराची नेहमीची वाट म्हणजे 'टेलनेट'. ती आपल्या चिठ्ठीसारखी, पासवर्डसुद्धा उघडाच जायचा. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच जाता-येता पासवर्ड टिपून घेतले. तिथल्या तातू इलोनेन यांनी मग 'एसएसएच' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि जुलैमध्ये चक्क फुकट वाटला. टेलनेटचा दारक्रमांक २३, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. मधला २२ रिकामा होता. इलोनेननी तो मागितला, आणि मिळालाही!

एसएसएचची युक्ती काय? आमच्या खेळाचा दुसरा डाव ऐका. मी माझं उघडं कुलूप मागच्या बाकापर्यंत पाठवलं, किल्ली माझ्याच पदरी. मुलीने चिठ्ठी डब्यात घातली आणि कुलूप दाबून लावलं. आता मधल्यांनी डबा कितीही हलवला तरी उघडेना. पहिल्या एसएसएचमध्ये साधारण असंच होतं, फक्त कुलूप लोखंडाचं नव्हे, गणिताचं. म्हणूनच स्विचवर आधी किल्ल्यांची जोडी तयार करतात, मग एसएसएच चालू करतात. त्यातून आत जाता येतंय ना, हे पाहतात, आणि मगच टेलनेट बंद करतात. क्रम चुकला तर देखभाल करणाराच बाहेर! सिस्कोच्या एमडीएस जातीच्या स्टोरेज स्विचवर तर टेलनेट मुळातच बंद असतं. कोणी चालू करून ठेवलं असेल, तर 'नो फीचर टेलनेट' ही एका ओळीची आज्ञा पुरते.

झालं, असं म्हणून मी खुर्चीत बसले. तर तिसऱ्या बाकावरच्या एका पठ्ठ्याने काय करावं? माझं कुलूप खिशात टाकून स्वतःचंच पुढे सरकवलं! डबा परत आला तो त्याने आपल्या किल्लीने उघडला, चिठ्ठी वाचली, माझं कुलूप लावलं आणि निमूट पुढे दिला. मला पत्ताच नाही.

मोठ्यांच्या जगातही हे होतं बरं का. पहिल्यांदा जोडताना एसएसएच स्विचच्या कुलपाचा ठसा, म्हणजे अक्षरं आणि अंक यांची एक लांबलचक ओळ, दाखवून विचारतो, "हाच ना तो?" ती ओळ आधी मिळवून ठेवलेल्या ओळीशी ताडून पाहायची असते. पुष्कळ जण न वाचताच 'हो' म्हणून मोकळे होतात.

पुढच्या शनिवारी तिसरा डाव आहे. माझ्या कुलपावर कोरलेला नंबर मी आधीच फळ्यावर लिहून ठेवणार आहे. पठ्ठ्या काय करतो, ते कळवीनच.

तुमच्या,
बाई