दिवाळीला शर्ट नको, जबडे न्या!

सुट्टी मंजूर झाली, पुणे-हिंगोली बसचं बुकिंग झालं, की दरवर्षीचा यक्षप्रश्न हजर! बाबांसाठी काय न्यायचं? शर्ट? मागच्या दिवाळीचा अजून घडीतच आहे. नवा मोबाइल? त्यांना जुनाच बरा वाटतो. मग बॉस, यंदा जरा हटके. बाबांच्या व्हाइससाठी ॲक्सेसरीज न्या!

व्हाइस म्हणजे वाईट सवय नव्हे हो! वर्कशॉपमधला व्हाइस, पुस्तकी मराठीत शेगडा. दोन जबड्यांत वस्तू गच्च धरून ठेवणारा लोखंडी पैलवान.

सेनगाव तालुक्यातलं साखरा घ्या, नाहीतर तुमचं स्वतःचं गाव. फवारणी पंपाचं नोझल जाम झालंय, पाण्याच्या मोटारीचं कपलिंग काढायचंय, विळ्याला धार लावायचीय... ही कामं एकट्याची नाहीत. एकानं धरायचं, दुसऱ्यानं कानस चालवायची. घरात धरणारा हात तुमचा होता आणि तुम्ही तर हिंजवडीत! मग आता धरतं कोण? ओसरीतल्या बाकाला बोल्ट मारलेला तो जुना, फिरत्या बैठकीचा व्हाइस. बाबांचं वय वाढतंय, पकड सैल होतेय. म्हणून त्याची पकड शाबूत हवी.

फिरत्या बैठकीचा फंडा सोपा आहे. खालची बैठक बाकाला पक्की, वरचं धूड तिच्यावर गोल फिरतं. बाजूचे लॉक-बोल्ट सैल करा, हवा तो कोन घ्या, पुन्हा आवळा. लांब पाइप भिंतीला आपटतोय? व्हाइस वळवा, काम झालं.

आता शॉपिंग लिस्ट.

एक, लॉक-बोल्ट. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचे. जुन्या व्हाइसचे हे बोल्ट हरवलेले तरी असतात, नाहीतर आटे गेलेले. बैठक लॉक झाली नाही तर जोर लावताना व्हाइस गर्रकन फिरतो आणि बोटं सोलवटतात.

दोन, जॉ प्लेट. जबड्यांवरच्या या दातेरी पोलादी पट्ट्या झिजल्या की वस्तू सटकते. पट्टी स्क्रूवर बसते, त्यामुळे बदलणं सोपं. पण सगळ्यांची मापं एक नसतात. लांबी, जाडी आणि दोन भोकांमधलं अंतर घरून मागवून घ्या.

तीन, सॉफ्ट जॉ. पितळी नोझलवर दात उमटू नयेत म्हणून जबड्यांवर चढवायची तांब्याची, ॲल्युमिनियमची किंवा रबरी टोपणं. चुंबकानं चिकटणारीही मिळतात. जबड्याची रुंदी मोजा. १००, १२५, १५० मिलिमीटर ही नेहमीची मापं.

चार, खाचेचे जबडे. गोल पाइपला सपाट जबडे दोनच ठिकाणी टेकतात, म्हणून तो फिरतो. इंग्रजी 'व्ही'सारखी खाच दोन्हीकडे असली की चार ठिकाणी पकड. सॉलिड!

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. एक शनिवार मॉलला दांडी मारा. दुकानदाराला फोटो दाखवा, पण मापाशिवाय जाऊ नका.

आणि तुमच्या फ्लॅटचं काय? अमेरिकेत ओहायोमधल्या ऑरव्हिलच्या विल-बर्ट कंपनीनं 'व्हर्सा-व्हाइस' बनवला. तो बैठकीच्या खुंटीवर नुसता बसतो, उभा किंवा आडवा. एकच दांडा आवळला की जबडेही घट्ट आणि फिरणंही बंद. उचलून दुसऱ्या बैठकीवर ठेवला की जागा बदलली. ही आयडिया ढापायला हरकत नाही! छोटा व्हाइस दोन इंची जाड फळीवर बोल्टनं बसवा, फळी दोन जी-क्लॅम्पनी टेबलाला आवळा. काम संपलं की सगळं पलंगाखाली. टेबलाला भोक नाही, घरमालकाची कटकट नाही.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. दांड्यात पाइप घालून जोर काढायचा नाही, हातानं आवळेल तेवढंच आवळायचं. आणि जबड्यांत धरून घणाचे घाव घालायचे नाहीत. बहुतेक जुने व्हाइस बिडाचे. बीड वजनदार असलं तरी ठिसूळ, तडकतं. घाव सोसायला लोहाराकडचा लांब पायाचा, घडीव व्हाइसच हवा.

घरी पोचलात की पहिलं काम. दिवाळीच्या आवराआवरीत 'गंजलाय, काढून टाकू' म्हणत कुणी तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायच्या आत व्हाइस ताब्यात घ्या. ब्रशनं गंज काढा, स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा, नव्या पट्ट्या बसवा. काट्यावर त्याचे किलोनं पैसे येतील, पण बाबांसाठी दुसऱ्या दिवशी विळा धरायला कुणी येणार नाही.

सगळं आवळून झालं की कानस बाबांच्या हातात द्या आणि म्हणा, "आता मला शिकवा." ही अपॉइंटमेंट पुढच्या दिवाळीवर ढकलू नका!