परत आलेला कॅमेरा

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकाजींच्या घरी एक खोके परत आले. खोके त्यांचेच होते आणि वरचे जुने हस्ताक्षरही त्यांचेच. फक्त त्यावर निराळी चिकटपट्टी बसली होती आणि आत नाशिकच्या एका तरुण संग्राहकाची चिठ्ठी होती. काकाजींनी दोन दिवस ते उघडले नाही. अपमान झाला म्हणजे माणूस वस्तूवरही रुसतो.

भिलाईच्या जुन्या सेक्टरांतून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना त्या खोक्यातील वस्तूचे नवल वाटावयाचे नाही. येथील पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आणि तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे रशियन तंत्रज्ञ येथे राहून काम करीत होते. परत जाताना त्यांनी आपल्या भारतीय सहकाऱ्यांना काही ना काही दिले. एकीत एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, कोटावर लावावयाचे मिन्याचे बिल्ले, टपालाची तिकिटे आणि क्वचित एखादा कॅमेरा अशा वस्तू अजूनही येथील कपाटांतून निघतात. आता त्या घरांतील मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी स्थिरावली आहेत, घरे रिकामी होत आहेत, आणि ज्या वस्तूंना घरात कोणी वाली नाही त्या ऑनलाइन बाजारात जात आहेत. त्यात वावगे काही नाही. कपाटात बुरशी चढण्यापेक्षा जाणत्याच्या हाती जाणे केव्हाही बरे.

काकाजींच्या वडिलांना मिळालेला कॅमेरा ‘झोर्की-४’ होता. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात हा नमुना तयार होत असे. त्याच्या पाठीवर कोरलेल्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे सहसा निर्मितीचे साल सांगतात. काकाजींच्या कॅमेऱ्यावर ६ आणि ४ हे आकडे होते. म्हणजे तो १९६४ सालचा. काकाजींनी त्याची छायाचित्रे काढली, ५,५०० रुपये किंमत ठेवली आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘रशियन कॅमेरा, उत्तम चालू स्थितीत.’

या शेवटच्या तीन शब्दांनी पुढचे सगळे रामायण घडविले.

नाशिकच्या तरुणाने कॅमेरा घेतला, त्यात फिल्म घातली, ती धुऊन आणली आणि आठव्या दिवशी दोन तक्रारी कळविल्या. एक, प्रत्येक छायाचित्रावर पांढरे ठिपके उमटले आहेत. दुसरी, वेगाची चकती फिरविल्यावर शटर अडकले ते अडकलेच. काकाजींनी रागाने चार दिवस उत्तर दिले नाही. तोवर त्या मुलाने कॅमेरा तेथील एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने वरचे झाकण उघडून पाहिले, आणि मग विक्रीस्थळाची परवानगी घेऊन मुलाने तो परत पाठविला.

“ताई, साठ वर्षे हा कॅमेरा आमच्या घरात होता. आणि हा पोरगा मला लबाड ठरवतो!” काकाजी म्हणाले.

“काकाजी, त्याने तुम्हांला लबाड कोठे म्हटले आहे? त्याने फक्त ठिपके पडतात असे म्हटले आहे. तुम्ही शेवटची फिल्म केव्हा घातली होती?”

काकाजी थोडा वेळ थांबले. “मुलाच्या मुंजीत.”

मुलगा आता चाळिशीचा आहे.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शटरचा ‘खट्’ आवाज येतो म्हणून कॅमेरा चालू आहे असे काकाजींनी प्रामाणिकपणे मानले होते. परंतु या जातीच्या कॅमेऱ्यात रबर चढविलेल्या कापडाचा पडदा असतो. काळाने ते रबर तडकते, त्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात आणि त्यांतून शिरणारा प्रकाश फिल्मवर ठिपके उमटवितो. तपासणी अगदी सोपी आहे. मागचे झाकण आणि भिंग काढावे, अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च धरावा व दुसऱ्या बाजूने पाहावे. शटर ताणून एकदा आणि सोडून एकदा. आम्ही दोघांनी स्वयंपाकघराचे दार लावून ते केले. शटर अडकलेले असल्यामुळे पडद्याचा एकच भाग दिसला, पण तेवढ्यातही सहासात चांदण्या चमकल्या. काकाजी काही बोलले नाहीत, पण त्यांचा राग तेथेच ओसरला.

दुसऱ्या तक्रारीची गोष्ट निराळी. ‘झोर्की-४’मध्ये आधी फिल्म पुढे ओढून शटर ताणावयाचे आणि मगच वेगाची चकती फिरवावयाची, असा दंडक आहे. हा क्रम चुकला तर आतील यंत्रणेस इजा होते. काकाजींना हे वडिलांनी बजावले होते. आजच्या मुलाला ते कोण सांगणार? तेव्हा चूक मुलाच्या हातून झाली असणे अगदी शक्य आहे. तथापि जे ज्ञान विकणाराजवळ होते आणि घेणाराजवळ असण्याचा संभव नव्हता, ते एका ओळीत लिहून देणे हे विकणाराचेच काम होते असे मला वाटते. काकाजींना माझे हे म्हणणे पूर्णपणे पटले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो? १९३० चा मालविक्रीचा कायदा अजून लागू आहे. वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही त्यातील अट व्यापाऱ्याला जशी बंधनकारक आहे तशीच घरातील एखादी वस्तू विकणाऱ्या गृहस्थालाही आहे. ‘गिऱ्हाइकाने पाहून घ्यावे’ हे जुने तत्त्व दूरच्या गिऱ्हाइकापुढे फारसे टिकत नाही, कारण त्याने वस्तू पाहिलेली नसते, तुमचे शब्द पाहिलेले असतात. दुसऱ्या बाजूने, माल स्वीकारल्यावर खरेदीदाराने विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, किंवा वाजवी काळ उलटूनही नकार कळविला नाही, तर त्याने माल स्वीकारला असे धरले जाते. मग त्याला संपूर्ण व्यवहार मोडता येत नाही. उणेपणाबद्दल भरपाई तेवढी मागता येते. दुरुस्तीवाल्याकडून झाकण उघडविणे हे असे कृत्य आहे, असा युक्तिवाद काकाजींना करता आला असता. पण त्यांच्या चार दिवसांच्या मौनामुळेच तो मुलगा तेथवर गेला, हेही तितकेच खरे होते.

२०२० सालचे ई-वाणिज्याविषयीचे ग्राहक संरक्षण नियम मात्र काकाजींना लागू होत नाहीत. व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या प्रसंगोपात्त काही विकणाऱ्या व्यक्तीस त्यांतून वगळले आहे. जे नियमितपणे नाणी, तिकिटे, बिल्ले विकतात त्यांना ही सूट नाही. वस्तू सदोष निघाली, बनावट निघाली, अथवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसले, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास अशा विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी येथे निरुपयोगी आहे. खरेदीदाराला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर गाऱ्हाणे मांडता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी त्याला विक्रेत्याच्या गावी यावे लागत नाही.

पैशांची बोलणी करण्यापूर्वी आम्ही आणखी एक काम केले, आणि ते प्रत्येकाने करावे. परत आलेली वस्तू आपलीच आहे काय हे पाहिले. या कॅमेऱ्याचे भिंग आट्याचे असते. दोन मिनिटांत काढून दुसरे बसविता येते, आणि चांगल्या भिंगाला कॅमेऱ्याहून अधिक किंमत येऊ शकते. सुदैवाने काकाजींच्या वडिलांनी कॅमेऱ्याबरोबर आलेला कारखान्याचा कागद जपून ठेवला होता आणि त्यावर अनुक्रमांक होता. भिंगावरचा क्रमांक जाहिरातीच्या छायाचित्रात अनायासे आला होता. दोन्ही जुळले. वरच्या झाकणाच्या स्क्रूंवर मात्र ताजे ओरखडे होते.

कॅमेऱ्याला निदान क्रमांक असतो. नाण्याला आणि तिकिटाला तो नसतो, आणि म्हणून त्यांच्या वादांत खरा गुंता होतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे; दुसऱ्या सालच्या रुपयावरील अंक बदलून त्याची नक्कल केली जाते. खरा रुपया पाठवावा आणि खोटा परत यावा, किंवा खोटाच पाठवून खऱ्याचा आव आणावा, हे दोन्ही प्रकार संभवतात. यावर उपाय म्हणजे त्या एका नाण्याची ओळख नोंदवून ठेवणे. दोन्ही बाजूंची व कडेची मोठी छायाचित्रे घ्यावीत, एखादा ओरखडा वा डाग असेल तर तो मुद्दाम दाखवावा, आणि काट्यावरील वजनाचेही चित्र ठेवावे. चांदीच्या रुपयाचे नियत वजन ११.६६ ग्रॅम होते. नाण्यावरील डाग विकणारे लपवितात. वास्तविक तो डाग म्हणजेच त्यांची पावती असते.

तिकिटांत भांडण बहुधा मागच्या बाजूचे असते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचे तिकीट पुष्कळांच्या संग्रही असते. मागचा डिंक मूळचा व अस्पर्श असेल तर त्याची किंमत एक, चिकटवहीत लावताना वापरलेल्या कागदी पट्टीची खूण असेल तर दुसरी, आणि डिंक नव्याने फासलेला असेल तर तिसरीच. विकणारा समोरची बाजू दाखवितो आणि घेणारा पैसे मागच्या बाजूचे देतो! दोन्ही बाजू दाखवाव्यात. डिंकाविषयी आपल्याला कळत नसेल तर ‘जाणकाराकडून तपासून घेतलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. त्याने किंमत थोडी उतरेल, पण पुढचा वाद टळेल. शंभर वर्षांहून जुनी नाणी व वस्तू यांना १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविताच येत नाहीत. तेव्हा परदेशच्या गिऱ्हाइकाला होकार देण्यापूर्वी वस्तूचे वय पाहावे.

वाद चालू असताना एका निराळ्या प्रकारच्या माणसापासून सावध राहावे लागते. ‘पैसे पाठवितो, हा चौकोनी संकेत स्कॅन करा आणि पिन टाका’ असा निरोप आला तर तो फसविण्यासाठीच आलेला असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. जुन्या नोटा व नाणी लाखो रुपयांना विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क उकळणाऱ्यांविषयी त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपण अशा व्यवहारांत पडत नाही व त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले होते.

पुन्हा काकाजींकडे वळू. त्या संध्याकाळी आम्ही विक्रीस्थळाच्या संदेशपेटीतच उत्तर लिहिले. दूरध्वनीवर बोलण्याचा काकाजींचा बेत मी मोडून काढला, कारण तोंडच्या बोलण्याची नोंद राहत नाही आणि काकाजींचा आवाज चढतो. उत्तरात मुलाला कोठेही दोष दिला नव्हता. पडद्याला छिद्रे आहेत हे आम्ही पडताळून पाहिले, ही उणीव आमच्या वर्णनात नव्हती, ती आम्हांला मान्य आहे. चकतीचा क्रम आम्ही कळवावयास हवा होता. झाकण मात्र आम्हांला न विचारता उघडले गेले आहे. म्हणून ४,५०० रुपये आम्ही परत करतो, परत पाठविण्याचा खर्च निराळा देतो, आणि १,००० रुपये ठेवून घेतो. हे आपणांस योग्य वाटते काय? खर्चाचा मुद्दा काकाजींना खटकला होता. परंतु रीतसर नाकारलेला माल स्वतःच्या खर्चाने परत करण्याचे बंधन निराळा करार नसेल तर खरेदीदारावर नसते, असे तोच १९३० चा कायदा सांगतो.

तासाभरात मुलाचा होकार आला. झाकण उघडविल्याबद्दल त्याने क्षमाही मागितली. वडिलांचे नाव कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत लिहिलेले पाहून आपल्याला वाईट वाटले, असे त्याने लिहिले होते. काकाजींनी ते दोनदा वाचून घेतले.

पुढच्या आठवड्यात काकाजींनी नवी जाहिरात लिहिली आणि मला तपासावयास दिली. मी एक शब्दही बदलला नाही. ‘झोर्की-४, सन १९६४. पडद्याला छिद्रे आहेत. शटर अडकले आहे. वरचे झाकण एकदा उघडले गेले आहे. भिंग स्वच्छ आहे, कडेला एक बारीक ओरखडा, छायाचित्र पाचवे पाहावे. दोन्ही अनुक्रमांक सहाव्या छायाचित्रात. शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नये. बांधणी करतानाचे चित्रीकरण आम्ही ठेवतो. आपणही खोके उघडताना न थांबता चित्रीकरण करावे. तक्रार असल्यास सात दिवसांत कळवावी, एका दिवसात उत्तर देऊ.’ किंमत २,८०० रुपये.

चौथ्या दिवशी कोल्हापूरहून एकाने विचारले, नवा पडदा मी स्वतः बसवून घेईन. पण ती नाव लिहिलेली चामडी पिशवीही बरोबर देणार काय? काकाजी अजून विचार करीत आहेत.