एका शब्दात तीन प्रश्न

‘जबाबदारी निश्चित करण्यात येईल.’ शासकीय सेवेत हे वाक्य मी गुजरातीत शेकडो वेळा वाचले, इंग्रजीत लिहिले आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, काही वेळा त्याच्या आड लपलोही. वाक्याला कर्ता नाही, काळ भविष्य, आणि ‘जबाबदारी’ हे तर मोठे गाठोडेच.

इंग्रजीत रिस्पॉन्सिबल, अकाउंटेबल व लायेबल असे शब्द आहेत. आपल्यातील काही विद्वान मित्रांच्या मते हा निव्वळ शब्दविलास. मराठीला एक ‘जबाबदार’ पुरतो. हे मला मुळीच मान्य नाही. काम कोणावर सोपवले, हा एक प्रश्न. त्याचा हिशेब कोणी कोणापुढे ठेवायचा, हा दुसरा. नुकसान झाल्यास भरपाई कोणाच्या खिशातून, हा तिसरा. (‘आन्सरेबल’ हा दुसऱ्याचाच सख्खा भाऊ, त्याचे पान वेगळे मांडायला नको.) इंग्रजही नेहमी सावध असतात असे नाही. घटनेच्या 75 व्या अनुच्छेदात मंत्रिपरिषद लोकसभेला ‘रिस्पॉन्सिबल’ आहे. तेथे अभिप्रेत अर्थ मात्र हिशेब देण्याचा. पण एकाच्या ढिलाईने दुसऱ्याची ढिलाई क्षम्य ठरत नाही.

सुरतकरांना तरी हा भेद शिकवावा लागू नये. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो माणसे शहर सोडून गेली. सफाईचे काम तेव्हाही कोणावर तरी सोपवलेले होतेच. 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सहा विभागांच्या प्रमुखांना अधिकार दिले, सकाळी त्यांना रस्त्यावर उतरवले आणि रोजच्या कामाचा रोज जाब घेतला. सोपवलेल्या कामाला हिशेब जोडला गेला आणि शहर पालटले.

पुढे ऑगस्ट 2006. उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. धरण आधीच अधिक भरून ठेवले होते काय, यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादात ‘जबाबदार कोण?’ असे जो तो विचारी, पण एकाला दरवाजे उघडण्याचा अधिकारी अभिप्रेत असे, दुसऱ्याला उत्तर देणारे शासन, तिसऱ्याला भिजलेल्या मालाची भरपाई. प्रश्नच तीन असताना एका उत्तराने कोणाचे समाधान व्हावे?

शब्द नाहीत ही सबब तर आपण सांगूच नये. ‘लायेबल’च्या मुळाशी बांधण्याची कल्पना आहे, आपला ‘बांधील’ नेमका तोच. बांधिलकीला साहित्यिकांनी पळवून नेले, ही गोष्ट वेगळी! हिशेबात ‘दायित्व’ चालतेच. ‘अकाउंटेबल’साठी जुन्या दप्तरांतला ‘झाडा’ आहे. झाडा देणे, झाडा घेणे, यांत पै-पैचा हिशेब आहे आणि तो मागणारा समोर उभा आहे. ‘जबाबदार’ या फारसी वळणाच्या शब्दातही मुळात ‘जबाब’च आहे, तो आपण वापरून वापरून गिळला. बडोद्यास 1931 मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्याने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध केला, तो राज्यकारभाराचे इंग्रजी शब्द मराठी-गुजरातीसह अनेक भाषांत नेमके मांडण्यासाठीच. ज्यांचे पूर्वज गायकवाडीच्या कचेऱ्यांत लेखणी चालवत होते, त्यांच्या घरी आज हिंदी बातम्यांतून ‘जवाबदेही’ उसनी आणली जाते, याचे मला वैषम्य वाटते. गुजरातीतला ‘व’ आपल्या ‘ब’च्या जागी बसतो, तेवढे मी चालवून घेतो, दक्षिण गुजरातेत एवढी वर्षे काढल्यावर ते व्हायचेच.

माझ्या विद्वान मित्रांचा शेवटचा आक्षेप असा की, शब्दाने कारभार सुधारत नाही. खरे आहे. परंतु कारभार बिघडवणाऱ्यांना शब्दाचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळते. एका कार्यालयात नालेसफाईच्या टिपणीत मी संबंधित अधिकाऱ्यास ‘अकाउंटेबल’ ठरवले होते. वरिष्ठांनी तो शब्द हिरव्या शाईने खोडला, वर ‘रिस्पॉन्सिबल’ लिहिले आणि फाइल स्वच्छ प्रतीसाठी परत पाठवली. त्या पावसाळ्यात नाला तुंबला. चौकशीत अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले की, काम माझ्याकडे होते व ते मी पुढे सोपवले. त्याचे म्हणणे टिपणीला धरूनच होते. स्वच्छ प्रतीवर सही माझी होती.