थरांतली झुंज

अतिवाहक पदार्थात लोह मिसळलं की अतिवाहकता जाते, हे कित्येक दशकं गृहीतच धरलं होतं. इलेक्ट्रॉनांच्या ज्या जोड्यांमुळे वीज विनारोध वाहते, त्या जोड्या चुंबकत्व फोडतं. म्हणूनच २००८ मध्ये जपानमधल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह आणि आर्सेनिकचे थर असलेला पदार्थ २६ केल्विनला अतिवाहक होतो असं दाखवलं, तेव्हा भलेभले चकित झाले. मूळ पदार्थ प्रतिलोहचुंबकीय. त्यात थोडं फ्लोरिन घातलं की चुंबकीय शिस्त मोडते आणि अतिवाहकता अवतरते. जोड्या जुळवण्यात चुंबकीय चढउतारांचाच हात असावा, असं अनेक तज्ज्ञ मानतात. एकमत अजून नाही.

चुंबकत्व आणि अतिवाहकता यांच्या नात्यावरच्या संशोधनात मुंबईचाही वाटा आहे आणि तो आपण फार लवकर विसरलो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने १९९४ मध्ये यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता आढळल्याचं प्रसिद्ध केलं. याच थरदार कुटुंबातलं होल्मियमचं संयुग पाहा. ८ केल्विनच्या आसपास ते अतिवाहक होतं. ५ केल्विनजवळ होल्मियमचे अणुचुंबक रांगेत येऊ लागतात आणि अतिवाहकता जवळजवळ मरते. आणखी थंड केलं की ती परतते! इथल्या जोड्या बहुधा स्फटिकाच्या कंपनांनीच जुळतात, तरी झुंज आणि तडजोड एकाच नमुन्यात दिसते.

हा अंक याच विषयाला वाहिलेला आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा आणि आपल्या शंका आम्हाला लिहून कळवाव्यात.