पिंप कोणाचं?

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. मजल्यावर नळ एक, बिऱ्हाडं अकरा आणि पाणी पहाटे साडेचार ते सहा. भांडणं पुष्कळ झाली, पण तहानलेलं कुणी राहिलं नाही. कारण नियम एकच होता आणि तो कडक होता. एका पाळीला एक बादली. ज्याच्या घरी पिंप असेल त्यानंही एक बादली भरायची, पिंपात ओतायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभं राहायचं. नुसता तांब्या घेऊन कुणी आलं, तर "घ्या हो, आधी तुम्ही घ्या" म्हणून सगळे बाजूला होत.

हे आता आठवायचं कारण, पुण्यात आमच्या तीन खोल्यांत माणसं पाच, इंटरनेटचा नळ चोवीस तास, आणि तरी नळावरचं भांडण रोज!

इंटरनेट अडकलं की आमच्याकडे उपाय दोनच. पहिला, चिरंजिवांवर ओरडणे. दुसरा, वरचा प्लॅन घेणे. पहिला फुकट असल्यामुळे तो आधी करतात. आमच्या घरच्या कायद्याप्रमाणे मी इंटरनेटवर करतो ते काम, आमची ही करते ती गरज, आई ऐकते ते कीर्तन, कन्येचं ते करिअर आणि चिरंजीव खेळतात तो गुन्हा.

माझा आक्षेप आहे तो या दोन्ही उपायांना, आणि तो मी सव्याज शिकलो आहे. आम्ही चाळीसचा प्लॅन घेतला, मग शंभरचा. आता साधा हिशेब करा. नेटफ्लिक्सवाले स्वतःच सांगतात की चांगल्या चित्राला पाच मेगाबिट पुरतात, अगदी उंची फोर-के चित्राला पंधरा. व्हिडिओवर बोलायला तीनचार. चिरंजिवांचा तो बंदुकांचा खेळ तर बहुधा एक मेगाबिटसुद्धा खात नाही. त्याला फक्त उशीर खपत नाही. म्हणजे तो बिचारा तांब्या घेऊन उभा! पाचही जणांनी एकदम तोंड लावलं तरी शंभर संपत नाहीत. मग अडतं कुठं?

अडतं मोरीत. आमच्या प्लॅनमध्ये येणारं इंटरनेट शंभराचं आणि जाणारं दहाचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात नळ असतो, मोरी शोधायला चष्मा लागतो. आणि कोपऱ्यातला तो लुकलुकणारा डबा म्हणजे राऊटर! मोरी तुंबली की जायचा माल तो पोटात साठवत बसतो. पुढे कुणाचं पिंप उभं असलं, की मागचे सगळे तांबे खोळंबतात. या दुखण्याला जिम गेटिस नावाच्या गृहस्थांनी 2010 साली 'बफरब्लोट' असं नावही दिलं. आपण याला पोट फुगणं म्हणू.

मार्च महिन्यात कन्येची नोकरीसाठी मुलाखत होती, बंगळूरच्या एका कंपनीची, घरूनच. सकाळी अकराला ती बसली. आईचं कीर्तन बंद केलं, कुकर लावायचा नाही असं ठरलं. मी तर मुलाखतीत व्यत्यय नको म्हणून माझ्या मोबाइलचा आवाज बंद करून तो चार्जिंगला लावून ठेवला. दहाव्या मिनिटाला कन्या पलीकडच्यांच्या पडद्यावर तोंड उघडं टाकून थिजली, ती थिजलीच. मी आतल्या खोलीत गेलो, चिरंजिवांच्या हातातला खेळ काढून घेतला आणि एक महिन्याची शिक्षा फर्मावली. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

दोन आठवड्यांनी मोबाइलनंच कळवलं, "तुमचे 1,412 फोटो आणि व्हिडिओ सुरक्षित झाले." पुतण्याच्या लग्नाचे! मोबाइल चार्जिंगला लागला की तो निवांतपणे ते 'ढगात' पाठवी. पिंप माझं होतं.

वरचा प्लॅन घ्या म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. 1986 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांमधलं इंटरनेट सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आलं. अंतर अवघं चारशे यार्ड. कागद हातात घेऊन चालत गेलं असतं तर लवकर पोचला असता. तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी जाड तार टाका असं सांगितलं नाही. पाठवणाऱ्या यंत्रांना त्यांनी गर्दी पाहून हात आखडायला शिकवलं. डब्यानं पाळीनं एकेक बादली द्यावी आणि तांब्याला पुढे सोडावं, अशी पद्धतसुद्धा 2018 पासून रीतसर लिहून ठेवलेली आहे. काही डब्यांत ती असते. वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी लिहायचा आणि ती चालू करायची, एवढंच. आमच्या डब्यात नव्हती. शंभरचा दोनशे करायला कंपनीचा माणूस त्याच दिवशी यायला तयार होता, रांगेबद्दल विचारलं तर म्हणाला, "साहेब, असं कोणी विचारत नाही."

रात्री जेवताना मी सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "म्हणजे कीर्तन उगीच बंद केलंस." ही म्हणाली, "अहो, आधी त्याचा खेळ द्या." चिरंजिवांनी शांतपणे विचारलं, "बाबा, माझे चौदा दिवस झाले, ते कुठे जमा करायचे?" कन्या काहीच बोलली नाही.

नवा डबा आला, रांग लागली. तरीही कन्येचा कॉल असला की ती आधी येते, माझ्या मोबाइलची वायर काढते आणि मग दार लावून घेते.