दंतवैद्याचा दुसरा जन्म

संस्कृत कोशकारांनीं ‘द्विज’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: ब्राह्मण, पक्षी आणि दांत. मुंजीनें दुसरा जन्म होतो म्हणून ब्राह्मण द्विज, अंडें फोडून पुन्हा जन्मतो म्हणून पक्षी द्विज, आणि दुधाचा पडून पुन्हा उगवतो म्हणून दांतही द्विज. या पंक्तीस हल्लीं चौथा एक जण येऊन बसला आहे. तो म्हणजे आपल्या देशाची पदवी घेऊन अमेरिकेस निघालेला दंतवैद्य. त्यासही दोनदां जन्म घ्यावा लागतो. मात्र दुसऱ्या जन्माच्या वेणा बहुधा त्याच्या आईबापांस सोसाव्या लागतात.

स्वारगेटच्या चौकांतून दक्षिणेस जो सातारा-रस्ता जातो, त्याच्या बाजूस धनकवडी येथें भारती विद्यापीठाचें दंत महाविद्यालय १९८९ पासून चालू आहे. शहरांत अशीं आणखीही महाविद्यालयें आहेत. आमचें बिऱ्हाड स्वारगेटजवळ असल्यामुळें तेथून पदवी घेतलेलीं मुलें व त्यांचे पालक अधूनमधून आमच्याकडे सल्ल्यास येतात. दांतांतलें आम्हांस आमच्या कवळीपुरतेंच कळतें. परंतु अर्ज, दाखले आणि परीक्षा यांत आमचा सारा जन्म गेला आहे. म्हणून या खटाटोपाचें स्वरूप वाचकांपुढें मांडावें असें मनांत आलें.

आपल्याकडील बी. डी. एस. ची पदवी म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि त्यावर एक वर्षाची उमेदवारी. एम. बी. बी. एस. झालेला वैद्य ठराविक परीक्षा देऊन अमेरिकेंतील रुग्णालयांत प्रशिक्षणार्थी म्हणून थेट जाऊं शकतो. दंतवैद्याचें तसें नाहीं. तेथें व्यवसायाचा परवाना प्रत्येक राज्य आपापला देतें, आणि बहुतेक राज्यें तेथल्या मान्यताप्राप्त विद्यालयाची पदवी मागतात. म्हणून आपला पदवीधर पुन्हा विद्यार्थी होतो. त्याच्या पूर्वीच्या अभ्यासाची कांहीं सूट मिळून दोन ते तीन वर्षांत त्यास डी. डी. एस. किंवा डी. एम. डी. ही पदवी मिळते. या दोन्ही पदव्या मोलानें एकच. फरक केवळ नांवाचा.

या प्रवेशाची वाट मोठी लांब आहे. बहुतेक विद्यालयांस ‘कॅपिड’ नांवाच्या सामायिक अर्जाद्वारें अर्ज जातो. आपल्या विद्यापीठाची गुणपत्रकें तेथल्या संस्थेकडून विषयवार तपासून घ्यावीं लागतात. इंग्रजीची परीक्षा वेगळी. शिवाय ‘आय. एन. बी. डी. ई.’ ही पांचशें प्रश्नांची, दोन दिवस चालणारी परीक्षा. पूर्वी तिच्या जागीं दोन भागांची परीक्षा होती; तिचा पहिला भाग २०२० मध्यें आणि दुसरा २०२२ मध्यें बंद झाला. नव्या परीक्षेचा निकाल ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच कळतो. त्यामुळें गुणांच्या जोरावर पुढें जाणाऱ्या आमच्या हुशार मुलांचें मोठें शस्त्र बोथट झालें, आणि अनुभव, शिफारसपत्रें व मुलाखत यांस महत्त्व आलें. कित्येक विद्यालयें मुलाखतीच्या वेळीं उमेदवारास कृत्रिम जबड्यांतील दांत ठराविक वेळांत कोरावयास लावतात. तेथें पाठांतर उपयोगी पडत नाहीं, हातच लागतो.

आतां पैशाची गोष्ट. अनेक खासगी विद्यालयांचें शुल्क वर्षास एक लक्ष डॉलरांच्या आसपास, कांहींचें त्याहूनही अधिक आहे. रुपयांत तो आंकडा ऐंशी लक्षांपलीकडे जातो. राहण्याजेवण्याचा खर्च निराळाच. आणि विद्यार्थ्याचा परवाना म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या गुणी आहे. तिच्यासाठीं राहतें घर गहाण टाकण्याचा विचार त्यानें बोलून दाखविला. आम्हीं त्यास म्हटलें, “अरे, आधीं परीक्षा होऊं दे. ती उत्तीर्ण झाली, प्रवेशाचें पत्र हातीं आलें, म्हणजे हिशेबाची वही उघड. तोंवर घराच्या कागदांस हात लावूं नकोस.” मुलगी जवळच बसली होती. ती म्हणाली, “आजोबा, तोंवर मीं काय करावें?” आम्हीं सांगितलें, “दवाखान्यांत नोकरी कर. रोज दांत कोर. प्रवेश मिळाला तर तो हात तेथें कामास येईल. न मिळाला तर येथें.” तिनें तें मानलें. पुढें काय होतें तें पाहावयाचें.

परदेशीं विद्येस जाण्याची वाट आपल्यास नवी नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्यें फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेतली, आणि परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं याच पुण्यांत निवर्तल्या. दंतवैद्यकाचें जगांतील पहिलें महाविद्यालय १८४० मध्यें बाल्टिमोर येथें निघालें. अमेरिकेंतच आयोवा येथें दंतवैद्यक शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० मध्यें कलकत्त्यास या देशांतील पहिलें दंत महाविद्यालय स्थापिलें. एका माणसानें आणलेल्या विद्येचें येथें रोप लागलें आणि आज त्याच्या फांद्या धनकवडीपर्यंत पोंचल्या आहेत.

म्हणून मुलांस जाऊं नका असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यास विद्येची खरी ओढ आहे, त्यानें अवश्य जावें. परंतु शेजारच्या घरचा मुलगा गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे, या ईर्षेनें कोणी कर्ज काढूं नये. तीन प्रश्न घरांत बसून मोकळेपणानें विचारावे: प्रवेश न मिळाल्यास मुलगा येथें समाधानानें व्यवसाय करील काय? पदवी मिळूनही तेथें राहतां आलें नाहीं, तर कर्ज कोण आणि किती वर्षांत फेडणार? आणि आईबापांचें म्हातारपण त्या कर्जाखालीं दबणार तर नाहीं ना? या तिन्हींचें उत्तर स्वच्छ मिळालें, तर आशीर्वाद देऊन पाठवावें. न मिळालें, तर येथल्या खेड्यापाड्यांत दुखऱ्या दाढा कांहीं कमी नाहींत.